कळतं, पण वळत का नाही?

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाठोपाठ एखादं परिपत्रक येतं. या वर्षापासून टाचण नव्या नमुन्यात काढायचं, नोंदी अमुक पद्धतीनं ठेवायच्या. मुख्याध्यापक सभेत ते वाचून दाखवतात. कुणी फारसं बोलत नाही. खाली सह्या होतात. पहिले पंधरा दिवस नव्या नमुन्यात नोंदी होतात आणि गणपती येईपर्यंत जुनी वही हळूच परत टेबलावर आलेली असते.

हा अनुभव फक्त शाळेचा नाही. बँक, दवाखाना, एस.टी.चा डेपो, कारखाना, सगळीकडे हेच घडतं. आणि सगळीकडे त्याचं स्पष्टीकरणही एकच असतं : ‘माणसाला बदल नकोच असतो. कळतं, पण वळत नाही.’ मुलांबद्दलही आपण हेच म्हणतो.

हे स्पष्टीकरण खरं आहे का? विज्ञानात एखादं विधान खरं की खोटं हे ठरवायला आपण प्रयोग करतो. माणसांच्या सवयींबाबतही तसं करता येईल का? विसाव्या शतकात काही जणांनी ते करून पाहिलं, तेही प्रयोगशाळेत नव्हे, तर चालत्या कारखान्यात. त्याची ही गोष्ट.

घड्याळाचा उपाय

कामगारांच्या कामाच्या सवयी शास्त्रीय पद्धतीनं बदलायचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) यानं केला. कामाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला लागणारा वेळ स्टॉपवॉचनं मोजायचा, निरुपयोगी हालचाली काढून टाकायच्या आणि उरलेली ‘एकमेव उत्तम पद्धत’ कामगाराला नेमून द्यायची. विचार करायचा तो अभियंत्यानं, हात चालवायचे ते कामगारानं. बेथलेहेम पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लगडी वाहणारा माणूस दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन माल चढवू लागला, असं टेलरनं १९११ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा टेलरनं या गोष्टीला बरंच तिखटमीठ लावल्याचं दिसून आलं. पण पुस्तक जगभर वाचलं गेलं.

त्याच वर्षी, १९११ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या वॉटरटाऊन इथल्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांवर स्टॉपवॉच लावलं गेलं आणि त्यांनी काम बंद केलं. प्रकरण संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. त्यातून पुढे शस्त्रागारांमध्ये अशा वेळमोजणीसाठी सरकारी पैसा वापरायला बंदी आली.

मुंबईनंही याचा अनुभव घेतला. १९२७-२८ च्या सुमारास काही गिरण्यांनी ‘कार्यक्षमता’ वाढवायची म्हणून विणकरानं दोनाऐवजी तीन माग आणि सूतखात्यातल्या कामगारानं एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, असा फतवा काढला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद राहिलं. सुमारे दीड लाख कामगार संपात होते. संपाची कारणं अनेक होती, पण हे त्यातलं एक प्रमुख कारण होतं.

इथे थोडं गणित करून पाहू. सहा मागांवर आधी तीन विणकर लागायचे. प्रत्येकानं तीन माग चालवले, तर दोन पुरतात. म्हणजे तिघांतला एक घरी. विणकराला हे गणित शिकवावं लागलं नाही. त्याच्या विरोधाला आळस म्हणणं म्हणजे त्याचा हिशेब न वाचताच त्याला नापास करणं होय. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे तो पुन्हा येणार आहे.

बर्लिनहून आलेला मानसशास्त्रज्ञ

कुर्ट लेविन याचा जन्म १८९० चा, आज पोलंडमध्ये असलेल्या मोगिल्नो या गावचा. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात लढला आणि नंतर बर्लिनमध्ये मानसशास्त्र शिकवू लागला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या लेविननं देश सोडून अमेरिका गाठली. त्याची आई मागे राहिली आणि नाझींच्या हत्याकांडात बळी पडली. हुकमाखाली माणसांचं काय होतं, हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं. घरी राहिलेल्यांनी गुरांचं हृदय, मूत्रपिंड असे अवयव खावेत अशी सरकारची इच्छा होती. ते पौष्टिक होते आणि स्वस्तही, पण गृहिणींना ते शिजवायची किळस होती. लेविननं रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. प्रत्येकात १३ ते १७ बायका. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिलं : जीवनसत्त्वं, युद्धाची गरज, पाककृतींचे छापील कागद, सारं काही. उरलेल्या तीन गटांत तीच माहिती थोडक्यात सांगून चर्चा घडवून आणली. ‘आपल्यासारख्या गृहिणींना हे का नको वाटतं? वास? नवऱ्याची नाराजी?’ शेवटी, पुढच्या आठवड्यात कोण करून पाहणार, असं विचारून हात वर करायला सांगितलं. दोन्हींना वेळ साधारण तेवढाच, पाऊण तासाचा.

काही दिवसांनी घरोघरी चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी आधी कधी न केलेला एखादा अवयव शिजवला होता. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के.

आपण शिक्षक मंडळी व्याख्यानाच्या बाजूची. तेव्हा हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

पायजम्यांचा कारखाना

व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन या डोंगराळ भागातल्या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. सुमारे पाचशे स्त्रिया आणि शंभर पुरुष तिथे काम करत. सरासरी वय २३, शिक्षण आठवीपर्यंत, बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतले. कारखान्याचा एक प्रमुख आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्र शिकलेला आणि लेविनचा मित्र होता. त्यामुळे कारखान्याची दारं संशोधकांना उघडी होती.

मजुरी नगावर होती. प्रत्येक कामाला ठरावीक मिनिटं नेमलेली. जो एका तासात साठ मिनिटांचं नेमून दिलेलं काम करील, त्याचा वेग ६० एकक. ६० म्हणजे पुरता कामगार.

अडचण अशी होती, की बाजारातली फॅशन बदलली की काम बदलावं लागे. काम जरासं बदललं की कुशल कामगाराचा वेग कोसळे. तो परत ६० वर येईल असं वाटे, पण बदली झालेल्यांपैकी फक्त ३८ टक्के तिथवर पोचत. उरलेले ६२ टक्के एक तर कायम मागे राहत, नाहीतर नोकरी सोडून जात. हात नवीन काम शिकू शकत नाहीत म्हणावं, तर अगदी नवखे कामगार तेच काम यांच्यापेक्षा लवकर शिकत. अर्थात अडचण हातांत नव्हती.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे जो प्रयोग केला, त्याचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन प्रकारचे गट निवडले. बदल तिन्हींत छोटेच होते.

पहिल्या गटात इस्त्री करणारे १८ जण. आतापर्यंत ते अर्धा डझन कपड्यांची चळत पुठ्ठ्यावर रचत. आता ती खोक्यात रचायची होती. त्यांना बोलावून सांगितलं गेलं : स्पर्धा वाढली आहे, काम असं बदललं आहे, नवा दर हा आहे, काही शंका? शंकांना उत्तरं मिळाली आणि सभा संपली. कारखान्याची हीच नेहमीची रीत होती.

दुसऱ्या गटात पायजम्याच्या घड्या घालणारे १३ जण. त्यांच्यापुढे खर्चाची अडचण मांडली. त्यांनी आपले काही प्रतिनिधी निवडले. प्रतिनिधींनी नवी पद्धत शिकून, दर ठरवण्यात भाग घेऊन मग बाकीच्यांना शिकवलं.

तिसऱ्या प्रकारात कपडे तपासणाऱ्यांचे दोन छोटे गट, ८ आणि ७ जणांचे. इथे प्रतिनिधी नाहीत, सगळेच चर्चेत. दुसऱ्या गटापुढे दिसायला सारखेच दोन कपडे ठेवले होते. त्यांतला एक दुप्पट किमतीला विकला गेला होता. स्वस्त कोणता ते ओळखा म्हटलं, तर कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायला हवा, ते वेगळं सांगावं लागलं नाही. तिसऱ्या प्रकारच्या गटांतही बदलाची गरज तशीच पटवून दिली, आणि तिथे सूचना इतक्या भराभर आल्या, की त्या टिपून घेताना लघुलेखकाची तारांबळ उडाली.

निकाल असा लागला. पहिल्या गटाचा वेग ५० च्या आसपास घसरला आणि तिथेच राहिला. चाळीस दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. मुकादमाशी खटके उडाले, नव्या दराविरुद्ध तक्रारी झाल्या. गंमत म्हणजे तो दर पुन्हा तपासला, तेव्हा कामगारांना थोडा फायद्याचाच असल्याचं आढळलं! दुसऱ्या गटानं दोन आठवड्यांत ६१ गाठले. तिसऱ्या प्रकारचे गट दोन-चार दिवसांतच मूळ वेगावर आले आणि पुढे त्याच्याही सुमारे १४ टक्के वर गेले. दुसऱ्या-तिसऱ्या गटांतलं त्या चाळीस दिवसांत कुणीही नोकरी सोडली नाही.

तेच तेरा जण

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील : इस्त्रीवाल्यांच्या गटातली माणसंच मुळात हट्टी नसतील कशावरून? प्रश्न रास्त आहे. संशोधकांनाही तो पडला होता.

अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांची पुन्हा एका नव्या कामावर बदली करायची होती. या वेळी तिसऱ्या गटाची रीत वापरली, म्हणजे सगळ्यांनी मिळून चर्चा करून ठरवलं. तीच माणसं, तोच कारखाना. या खेपेला त्यांचा वेग झटपट वर आला आणि जुन्या पातळीच्या पुढे गेला.

या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग मला हा वाटतो. ‘बदलाला विरोध’ हा त्या तेरा जणांचा स्वभाव असता, तर तो दुसऱ्या खेपेलाही दिसला असता. तो दिसला नाही. म्हणजे तो माणसांत नव्हता, बदल ज्या रीतीनं आला त्या रीतीत होता.

आता मुंबईच्या विणकराकडे वळू. त्याची भीती खरी होती, कारण एकाची नोकरी खरोखर जाणार होती. मॅरियनच्या इस्त्रीवाल्यांची भीती खोटी होती, कारण दर फायद्याचा होता. पण ज्याला हिशेब दाखवलेलाच नाही, त्यानं खरी भीती आणि खोटी भीती ओळखायची कशी? तो दोन्ही वेळा सारखाच वागणार, आणि त्यात वावगं काही नाही.

रस्सीखेच

लेविननं यामागचं कारण भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडलं. कामाचा वेग ५० वर ‘स्थिर’ दिसतो, तेव्हा तिथे काहीच घडत नाही असं नाही. रस्सीखेचीत दोर मध्यावर थांबलेला दिसतो, पण दोन्हीकडून जोर लागलेला असतो. वेग वर ओढणारी बलं आहेत : मजुरी, मुकादमाचा धाक, कामाची हौस. खाली ओढणारीही आहेत : थकवा, भीती, आणि सोबत्यांनी न बोलता ठरवलेली मर्यादा.

ही शेवटची गोष्ट किती जोरकस असते, याचं उदाहरण त्याच कारखान्यात सापडलं. इस्त्रीच्या एका गटात सगळ्यांचा वेग ५० च्या आसपास अडलेला होता. त्यांतल्या एकीचा वेग त्याच्या वर जाऊ लागला. सोबतिणींनी तिला टोचून बोलायला सुरुवात केली आणि ती ४५ पर्यंत खाली आली. पुढे इतरांची बदली होऊन ती एकटी त्या कामावर उरली. चार दिवसांत तिचा वेग ९६ वर गेला आणि ९२ च्या आसपास टिकला! तिचे हात पहिल्यापासून ते काम करू शकत होते.

दोर आपल्याकडे आणायचे दोन मार्ग आहेत. एक, आपल्या बाजूनं आणखी जोर लावायचा : बक्षीस, दंड, तपासणी. दोर सरकतो, पण दोरावरचा ताण वाढतो आणि हात सैल पडला की तो मागे जातो. शाळेतली तपासणी आटोपली की जुनी वही बाहेर येते ती यामुळेच. दुसरा मार्ग म्हणजे पलीकडचा जोर कमी करायचा : लोक कशाला घाबरतात ते शोधायचं आणि गटाचा अलिखित नियम गटालाच बदलू द्यायचा. इथे ताण वाढत नाही, उलट कमी होतो. लेविन म्हणे, आधी गोठलेली सवय वितळवावी लागते, मग हलवावी लागते आणि शेवटी नव्या जागी पुन्हा गोठवावी लागते. आपली परिपत्रकं सहसा मधलंच काम करतात.

अहमदाबादचे माग

लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच वर्षी त्याच्या संशोधन केंद्रानं लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेबरोबर एक नियतकालिक सुरू केलं. मॅरियनचा अहवाल त्यातच छापला गेला. या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस हा अभ्यासक १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आला.

ही गिरणी साराभाई कुटुंबाची. १९१८ च्या अहमदाबादच्या प्रसिद्ध संपात अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूला, तर त्यांची बहीण अनसूयाबेन गांधीजींसोबत कामगारांच्या बाजूला होती. त्यातूनच १९२० मध्ये ‘मजूर महाजन’ ही कामगार संघटना उभी राहिली. १९५३ मध्ये गिरणीचा कारभार अंबालालांचे पुत्र गौतम यांच्याकडे होता. विक्रम साराभाई हे गौतम यांचे धाकटे भाऊ. विक्रम यांनी घडवलेल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरणीतल्या मानवी संबंधांचा अभ्यास करत होत्या. तेव्हा असं काम अहमदाबादला अगदीच परकं नव्हतं.

गिरणीत नवे स्वयंचलित माग आले होते, पण कापड काही वाढलं नव्हतं. राइसनं पाहिलं : एका शेडमध्ये २२४ माग, २९ कामगार आणि तब्बल १२ प्रकारची कामं. विणकराकडे काही माग, कांड्या भरणाऱ्याकडे वेगळ्याच संख्येचे, तुटलेल्या धाग्यांचा गुंता सोडवणाऱ्याकडे त्याहून वेगळ्या. प्रत्येकाच्या हद्दी निरनिराळ्या. त्यामुळे कुणाचं काम कुणावर अवलंबून आहे, हेच धड ठरत नव्हतं. माग बंद पडला, तर तो आपला असं कुणालाच वाटायचं नाही.

मागांचा एक संच आणि त्यासाठी कामगारांचा एक गट, अशी कल्पना चर्चेत पुढे आली. राइस अजून तपशिलांचा विचार करत होता, तोवर पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती उचलली आणि आपापसांत गट पाडायला सुरुवातही केली. सुरुवातीच्या काळातल्या अडचणी संपल्यावर शेडची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचं प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आलं. यंत्रं तीच होती.

जादू नव्हे

इथेच थांबलो, तर ही गोष्ट फार गोड होईल. विज्ञानाला ते परवडत नाही.

फ्रेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात केलेल्या तशाच प्रयोगाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पादनात फरक पडला नाही. जे निर्णय कामगारांच्या हाती दिले होते, ते मुळात महत्त्वाचेच नव्हते, असं एक कारण पुढे आलं. मॅरियनच्या प्रयोगावरही टीका झाली : गट फार लहान होते, आणि सगळ्यांची कामं व बदल सारखे नव्हते, मग फरक निव्वळ चर्चेमुळेच पडला हे कशावरून? अहमदाबादला १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचाच एरिक मिलर पुन्हा गेला. एका ठिकाणी गटपद्धत सोळा-सतरा वर्षांनीही जवळजवळ तशीच चालू होती. इतर ठिकाणी ती थोडीफार किंवा पुरती ढासळली होती. पुढे ती गिरणीही बंद पडली. गटानं केलेलं काम कितीही चांगलं असलं, तरी बाजार आणि धंद्याची धोरणं त्याच्या हातात नसतात.

आणखी एक गोष्ट. मॅरियनमध्ये ‘बदल कसा करायचा’ हे कामगारांना विचारलं. ‘बदल करायचा का’ हे विचारलं नव्हतं. निर्णय आधीच झालेला असताना चर्चेचं नाटक करणं हे या प्रयोगाचं सर्वांत सोपं विडंबन आहे, आणि लोकांना ते लगेच ओळखू येतं. आपल्यापैकी अनेकांनी अशा ‘सहविचार सभा’ पाहिल्या आहेत.

एवढं वजा करूनही त्या तेरा जणांचा निकाल उरतोच. त्यानं ‘माणसाला बदल नकोच असतो’ या विधानाला एक ठोस प्रतिउदाहरण दिलं.

पुढच्या सभेत एखादा नवा नियम आला, तर तो वाचून दाखवण्याआधी दोन प्रश्न फळ्यावर लिहून पाहता येतील : ‘यात कुणाचं काय नुकसान होईल असं वाटतं?’ आणि ‘यातलं काय ठरवणं खरोखर आपल्या हातात आहे?’ दुसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तेही स्पष्ट सांगावं. वर्गातही एखादी सवय घ्या : प्रयोगानंतर साहित्य जागेवर ठेवणं, वाचनालयाची पुस्तकं वेळेत परत करणं. एका तुकडीला नियम सांगा, दुसरीला तो ठरवू द्या, आणि महिनाभर रोजची नोंद ठेवा. आकडे मॅरियनसारखे येतील की नॉर्वेसारखे, हे आधी सांगता येणार नाही. नोंदी मात्र मुलांनाच ठेवू द्याव्यात.